अकरा गावांची पेटी

फोटूमामा एसटीत बसले की दोन तिकिटं काढायचे. एक स्वतःचं, एक मांडीवरच्या गाठोड्याचं. गाठोडं म्हणजे मामींच्या जुन्या इरकली लुगड्याची चौघडी, तिच्यात स्पंज आणि स्पंजात एक हार्ड डिस्क.

"गाठोड्याला तिकीट लागत न्हाय, काका," कंडक्टर म्हणायचा.

"शेजारी कुणी बसलं आन् कोपर लागलं, मग? दे अर्धं. लहान हाय."

"हाय तरी काय आत?"

"अकरा गावं."

कंडक्टर निमूटपणे तिकीट द्यायचा. म्हाताऱ्या माणसाशी हुज्जत घालून गाडीला उशीर करायचा नाही, हे मुरूम-धाराशिव गाडीवरच्या कंडक्टरांना लवकरच कळतं. मामांची जागा ठरलेली. ड्रायव्हरच्या मागची. मागच्या चाकावर गाडी उडते, हे त्यांचं म्हणणं. जळकोटजवळचे गतिरोधक त्यांना पाठ होते. गतिरोधक आला की गाठोडं दोन्ही हातांनी वर उचलायचं, गाडी टेकली की पुन्हा मांडीवर घ्यायचं. बघणाऱ्याला वाटावं, तान्हं लेकरू आहे.

मामा आता नाहीत. त्यांच्याबद्दल लिहून ठेवावं असं खूपदा मनात आलं आणि दर वेळी मी ते पुढच्या आठवड्याच्या कामांत ढकललं. मी धाराशिवला एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक आहे. याद्या करणं हे माझं काम आहे आणि स्वभावही. किराण्याची यादी, औषधांची यादी, लग्नाला कुणाकुणाला बोलवायचं राहिलं याची यादी. मामा म्हणायचे, "तू यादी कर, म्या इमान बघतो." त्यांच्या लेखी जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार होते, इमानी आणि बेइमान. डिस्क इमानी आहे की बेइमान, हे ते कानानं ठरवायचे. तिला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "ह्याचा श्वास बरा हाय."

मामांचा मुरूमला स्टुडिओ होता. भूकंपाच्या आधी ते सायकलवर, मग मोटारसायकलवर कॅमेरा टाकून आसपासच्या गावांत फिरत. शाळेचे वर्ग, लग्नं, बारशी, जावळं, कुणी नवी बैलजोडी आणली तर तिचाही फोटो. अकरा गावांत त्यांच्याशिवाय दुसरा फोटोग्राफर नव्हता. म्हणून ते सगळ्यांचे फोटूमामा. त्या अकरांतलं एक गाव माझं.

मग भूकंप झाला. मी तेव्हा शाळकरी होते. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही, ते लिहून झालेलं आहे आणि आमच्या भागात प्रत्येकाला तोंडपाठ आहे. इतकंच सांगते, की घरं पडली तेव्हा घरांबरोबर भिंतीही पडल्या आणि भिंतींबरोबर भिंतीवरचे फोटो. माणसं गेली ती गेलीच, त्यांचे चेहरेही मातीत गेले. मुरूमला मामांच्या दुकानाच्या एका भिंतीला तडा गेला, निगेटिव्हचं लोखंडी कपाट जागचं हललं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी माणसं मग एकेक करून त्या दुकानात यायला लागली. बापाचा आहे का, लेकीचा आहे का, असं विचारत. सगळ्या मुलुखात ते चेहरे आता त्या एका कपाटात होते.

माझा धाकटा भाऊ त्या कपाटात होता. दुसरीच्या वर्गाचा फोटो, मधली रांग, डोळे मिटलेले. त्याचा दुसरा फोटो कधी निघालाच नाही. मामांनी मला प्रिंट काढून दिली ती मान खाली घालून. पुढं कधीही भेटले की एकदा तरी म्हणायचे, "त्यानं पापणी मिटली आन् म्या बटन दाबलं. आणिक एक काढायला पायजे हुता गं." मी म्हणायचे, मामा, तुम्हाला काय ठाऊक होतं. ते अशा समजुतीनं समाधान मानणाऱ्यांतले नव्हते.

जळकोटची आजी मी पहिल्यांदा पाहिली ती त्याच दुकानात. आमच्याच गावची, वेशीजवळच्या घरातली. भूकंपात तिचा मुलगा, सून आणि तान्हा नातू गेले. ती जळकोटला लेकीकडं राहायला गेली. बारशाच्या दिवशी मामांनी काढलेला सुनेचा एक फोटो होता. कडेवर बाळ, तोंडावर ऊन, डोळे बारीक केलेले आणि हसू फुटलेलं. आजी सांगायची, "म्या मागं हुबी हुते. म्या म्हणलं, अगं, त्येचं नाक बापावर न्हाय, फोटूवाल्यावर गेलंय! तवा हसली बघा. माज्याकडंच बघूलालीया." खरंच तसं होतं. सून कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला, आजी उभी असेल तिथं बघत होती.

आजी दर दसऱ्याला एसटीनं मुरूमला यायची. आपट्याची पानं मामांच्या हातात द्यायची आणि फोटो बघायची. आधी निगेटिव्हच्या पट्टीवरून काढलेला लहानसा नमुना बघायची, पुढं कॉम्प्युटरच्या पडद्यावर. प्रिंट मात्र घ्यायची नाही. मी एकदा न राहवून विचारलं.

"नगं गं माय. भिंतीवर लावला की लोकं म्हणत्यात हार घाला. हार घातला की संपलं. हितं बिनहाराची हाय, हसूलालीया. हसू दी की."

"मग पाकिटात ठेवा, आजी."

"माणूस काय पाकिटात ठिवायचं असतंय व्हय?"

मी मामांना म्हणाले, तिला न सांगता एक प्रिंट काढून ठेवू, माझ्या कपाटात राहील. मामा चिडले. "ती नगं म्हणली ना? मग नगं. लोकांच्या सुना आपण परस्पर कागदावर आणायच्या न्हाईत." हा त्यांचा नियम होता. ज्याचं माणूस, त्याची परवानगी.

निगेटिव्ह मरायला लागल्या तेव्हा मामांची झोप गेली. आमच्याकडचा उन्हाळा आणि पत्र्याचं छप्पर. पट्ट्या एकमेकींना चिकटू लागल्या, कडेनं बुरशी चढली, कपाट उघडलं की आंबट वास यायचा. मामांनी स्कॅनर आणला आणि एकेक पट्टी कॉम्प्युटरवर घ्यायला बसले. त्यात किती वर्षं गेली ते मामींना विचारावं लागेल. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी मामांचं लक्ष पट्टीवर. शेवटी लोक पासपोर्टचे फोटो काढायला उमरग्याला जायला लागले.

स्कॅन केलेलं सगळं एका साध्या डिस्कवर जात होतं. ती एक दिवस नुसती टकटक करायला लागली आणि गेली. दोन गावं गेली. त्या गावांच्या पट्ट्या अजून धड होत्या, म्हणून पुन्हा स्कॅन झाल्या. पण मामांना जो धक्का बसला तो बसला. त्यानंतर ते मला फोन करून म्हणाले, "पोरी, इमानी पेटी कोणती, ते हुडकून काढायचं हाय. तू यादी कर."

पेटी म्हणजे घरात ठेवायचं नेटवर्क स्टोरेज. बुटाच्या खोक्याएवढा डबा, आत दोन हार्ड डिस्क बसतात, घरातल्या वाय-फायच्या डब्याला वायरनं जोडायचा. एका डिस्कवर जे लिहिलं जातं ते आपोआप दुसरीवरही उतरतं, म्हणजे एक मेली तरी दुसरी असते. हे मला समजायला दोन रविवार लागले. मामांना एका वाक्यात समजलं. "म्हंजी बैलजोडी. एक बसला तर दुसरा गाडी घरापतूर आणतोय."

मी रकाने पाडले. पेटी, डिस्क, हमी, दुरुस्तीचं सगळ्यांत जवळचं ठिकाण. पेटी बनवणारे एक यादी देतात, आमच्या पेटीत अमुक-अमुक डिस्क चालतील अशी. मामांना ती फार आवडली. "हे बरं हाय. सोयरीक कुणाच्यात करायची ते आधीच सांगून ठिवलंय." यादीबाहेरची स्वस्त डिस्क दुकानदारानं पुढं केली की ते म्हणायचे, "हिचं नाव सोयऱ्यात न्हाय."

पण यादीतल्याही सगळ्या त्यांना चालत नसत. त्यांनी कुठल्याशा हिंदी व्हिडिओत बघितलं होतं, की काही डिस्क छपरावरच्या पत्र्यांसारख्या लिहितात, एका पट्टीवर दुसरी थोडी चढवून. जागा वाचते. पण मधली एक पट्टी बदलायची तर शेजारचे पत्रे उचलावे लागतात आणि जोडीतली एक मेली की नवीला सगळं शिकवताना अशी डिस्क दमते. "घरावर पत्रं चालतील, माणसांवर न्हाय," असं म्हणून मामांनी माझ्या यादीतल्या चार ओळी एका रेघेत मारल्या.

सोलापूरच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर होते. दुकानदार तरुण, टापटीप.

"काका, तीन वर्षांची वॉरंटी आहे. बिनधास्त घ्या."

"तीन वर्षांत मेली तर काय देता?"

"नवी देतो ना. अगदी नवी कोरी."

"आन् आतली माणसं?"

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, फोटो आहेत.

"डेटाची जबाबदारी कुणीच घेत नाही, काका. क्लाउडवर टाका की."

"आमच्या भागात ढगाचा भरवसा कोण धरतंय, बाबा?" मामा म्हणाले. दुकानदार हसला. मीही हसले. मामा हसत नव्हते. आणि खरं सांगायचं तर मुरूमच्या इंटरनेटवरून तेवढे फोटो वर चढायला एक हयात पुरली नसती. मी तो पर्याय आधीच खोडलेला होता.

मग त्यांनी दोन डिस्क मागितल्या आणि दोन्हींवरचे आकडे भिंगातून वाचले. "एकाच खेपेच्या हाईत. एक बदल."

"एकाच खेपेच्या चांगल्या असतात, काका. जोडी जमते."

"उंची सारखी पायजे, माय वेगळी पायजे. एका गायीची दोन खोंडं जुपली आन् एकाला रोग आला, तर दुसऱ्याला बी त्योच येतोय."

दुसरी डिस्क आम्ही दुसऱ्या दुकानातून घेतली.

पेटी स्टुडिओत एका लाकडी स्टुलावर बसली. स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. वर इन्व्हर्टर, शेजारी दुसरा लहान बॅटरीचा डबा, लाइट गेली तरी पेटीला धक्का बसू नये म्हणून. सकाळी दुकान उघडलं की मामा आधी पेटीला कान लावायचे. मामी मला म्हणाल्या होत्या, "त्या पेटीला रोज इच्यारत्यात झोप झाली का. मला लगीन झाल्यापासनं एकदा बी इच्यारलं न्हाय." पेटीवर दोन हिरवे दिवे होते. मामींना ते आवडत नसत. अंधारात मांजर बसल्यागत वाटतं, म्हणायच्या.

सगळ्या पट्ट्या पेटीत आल्यावर मामांनी एक अजब गोष्ट केली. निगेटिव्हचा तोवर नुसता आंबट लगदा झाला होता. एकही उलगडत नव्हती. मी म्हणाले, टाकून द्या. त्यांनी त्या पोत्यात भरल्या आणि रिक्षा करून आमच्या जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर नेल्या. मीही गेले. बाभळी माजलेल्या, पाय ठेवायला जागा नाही. वेशीच्या दगडाजवळ त्यांनी खड्डा घेतला आणि पोतं पुरलं. माती लोटताना म्हणाले, "कात हाय ही. माणसं वर गेली पेटीत. कात जिथली तिथं." मग हात जोडले आणि मला म्हणाले, "आता मला दुसरं काय बी न्हाय. आता पेटीच."

परत येताना मी त्यांना सांगितलं, की दोन डिस्क एका पेटीत असल्या तरी त्या एकाच छताखाली आहेत. आग लागली, चोरी झाली, तर दोन्ही जातील. तिसरी प्रत दुसऱ्या गावात हवी. मामांना ते लगेच पटलं. छप्पर कसं पडतं हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिसरी डिस्क घेतली आणि ती माझ्या घरी, धाराशिवला, गोदरेजच्या कपाटात मधल्या कप्प्यात ठेवली. वर्षातून एकदा ती मुरूमला न्यायची, वर्षभरात मामांनी फोटोंना जी नावं दिली असतील ती तिच्यावर उतरवायची आणि परत आणायची. अर्ध्या तिकिटाचा प्रवास तो हा.

नेण्याचा मुहूर्त मामांनी ठरवला. खंडेनवमी.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो. स्टुडिओत कॅमेरे, स्टँड, छत्र्या, फ्लॅश, कात्री, सगळं पुसून ओळीनं पाटावर मांडलं जायचं. झेंडूची फुलं, ऊस, लिंबू. पेटी आली त्या वर्षापासून मामा पेटी बंद करून आतल्या दोन्ही डिस्क बाहेर काढायचे आणि पाटाच्या मधोमध ठेवायचे. धाराशिवची तिसरी त्यांच्या शेजारी.

मी पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "मामा, तिन्ही एका जागी आणायच्या नाहीत म्हणून तर हा सगळा खटाटोप. पेटीतल्या दोन पुजा. तिसरी दसऱ्यानंतर नेऊ."

"लेक सासरी असली म्हणून सणाला माहेरी आणायची न्हाय व्हय? दोघांना कुंकू लावायचं आन् एकीला कपाटात कोंडायचं? क्यामेरे पुजतोस आन् माणसं तेवढी ठिवतोस, असं आई भवानी म्हणंल."

"मग चौथी घ्या. एक इकडं येईल तेव्हा दुसरी माझ्याकडं असेल."

"घिऊ. पुढच्या सणाला घिऊ."

चौथी डिस्क माझ्या यादीत चार दसरे राहिली. पूजा मात्र मामा फार जपून करायचे, हे मान्य करायला हवं. डिस्कला पाणी शिंपडायचं नाही, अक्षता टाकायच्या नाहीत. अनामिकेनं कोरडं कुंकू, तेही लेबलावर, कडेच्या बारीक छिद्रापासून दूर. त्या छिद्राला ते नाक म्हणायचे. नारळ स्वतः फोडायचे, आणि तो बाहेर, पायरीच्या दगडावर.

चौथ्या वर्षी मामांचा खांदा धरला होता. नारळ शेजारच्या गिरणीवाल्यानं हातात घेतला. माणूस भला, दर वर्षी पूजेला यायचा, प्रसाद घेऊन जायचा. देवाचा नारळ देवापुढंच फुटला पाहिजे असं त्याला वाटलं असेल. मामा बाहेरच्या दगडाकडं बोट दाखवेपर्यंत त्यानं पाटाच्या कडेलाच नारळ आपटला. नारळ पाण्यानं भरलेला होता. थोडं वर उडालं, बाकीचं पाटावरून वाहत तिन्ही डिस्कच्या खाली गेलं.

हे मला मामींनी सांगितलं. गिरणीवाल्यानं पुढं नारळ फोडणंच सोडलं, हेही त्यांनीच सांगितलं.

मामांचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी काय झालं ते सांगितलं. आवाज अगदी सपाट.

"पुसल्या का?"

"पुसल्या. केस वाळवायच्या मशिनीनं वाळवूलालो."

"ते बंद करा आधी. मामा, ऐका. काहीही जोडायचं नाही. वीज लावायची नाही. आहेत तशा डब्यात ठेवा. मी उद्या येते, पुण्याला नेते. तिथं अशा डिस्क उघडणारे लोक आहेत. नारळाचं पाणी आहे, वीज लावली तर जळतील. ऐकलंत का?"

"व्हय."

"लावणार नाही ना?"

"व्हय म्हणलं की."

त्यांनी लावल्या. आधी पेटीत एक. जळका वास आला. मग त्यांनी दुसरी लावली. तिनं थोडा वेळ खरखर केली आणि थांबली. मग तिसरी वेगळ्या वायरनं कॉम्प्युटरला लावली. एकीला जळताना बघूनही ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मामा स्टुलाशी खाली बसलेले, हातावर वाळलेलं कुंकू तसंच.

मी रागावले होते. काय काय बोलायचं ते गाडीतच ठरवून आले होते. मी विचारलं, "मी सांगितलं होतं ना, मामा?"

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "घरातली तिन्ही लेकरं हिरीत पडल्यावर कोणती आई म्हणंल, वाळू द्या, उद्या बघू जगलीत का?"

मी तिन्ही डिस्क डब्यात भरल्या. दसरा होता, त्याच दिवशी आजी जळकोटहून आली होती आणि अर्धं शटर बघून परत गेली, हे नंतर कळलं.

पुण्याच्या प्रयोगशाळेतला इंजिनिअर नीट बोलणारा होता. त्यानं मला काचेतून आतल्या तबकड्या दाखवल्या. गरम हवेनं पाणी नाकातून आत ढकललं गेलं होतं, साखर तबकडीवर वाळली होती आणि वीज लागल्यावर सुईनं तिच्यावर चरे ओढले होते. दोन डिस्कमधून काहीच मिळालं नाही. तिसरीच्या कडेचा थोडा भाग वाचता आला. त्यात फोटो नव्हते, फोटोंची नावं होती. प्रत्येक फोटोला मामांनी नाव दिलं होतं, आणि ती सगळी नावं, अकरा गावांची, ओळीनं, जशीच्या तशी निघाली.

मी आयुष्यभर याद्या केल्या. इतकी पूर्ण यादी माझ्या हातात कधी आली नव्हती. तिचं करायचं काय, हे मला अजून सुचलेलं नाही.

मुरूमला जाऊन मी ती मामांना वाचून दाखवायला सुरुवात केली. त्यांनीच सांगितलं, वाच. "गुरवाचा थोरला, नवी सायकल. पाटलाची कपिला, वासरासह. दुसरीचा वर्ग, मधल्या रांगेत एकाचे डोळे मिटलेले. वेशीजवळची सून, बारशाला, हसताना."

"बास," मामा म्हणाले.

मी म्हणाले, निदान नावं तरी राहिली.

"नावं तर सरकारच्या यादीत बी हुती की गं. भूकंपानंतर खांबावर चिकटवली हुती. नावं कवा हरवली हुती?"

मी यादी मिटली.

पुढं मामांनी पुन्हा पेटी निवडायला घेतली. या वेळी मला यादी मागितली नाही. ती कुठून मागवली, कशी निवडली, मला ठाऊक नाही. मी गेले तेव्हा स्टुलावर नवी पेटी होती, चार डिस्कची. चारही सोयऱ्यांच्या यादीतल्या, चारही वेगळ्या खेपांच्या, पत्र्यासारखी लिहिणारी एकही नाही. त्यांच्याइतकी अचूक निवड मी दुसऱ्या कुणाच्या घरी बघितलेली नाही. पाण्याच्या वाट्या, इन्व्हर्टर, बॅटरीचा डबा, सगळं जागच्या जागी. आणि आत, ज्या घरांत जुन्या प्रिंट शिल्लक होत्या त्यांनी आणून दिलेले मूठभर फोटो. माझ्या भावाचा त्यात होता. प्रिंट मी दिली होती. तो स्कॅन करताना मामा नेहमीचं वाक्य बोलले नाहीत.

"एवढी मोठी कशाला घेतली, मामा?"

"लोकांच्या पेटाऱ्यांत अजून कायबाय निघंल. तवा जागा पायजे."

निघालं नाही. लोक प्रिंट कुठं ठेवतात, मला माहीत आहे. मी आमच्या पुनर्वसनाच्या गावात घरोघर विचारलं. ओल, वाळवी, पोरांनी कापून वहीला चिकटवलेले. बऱ्याच जणांनी तर, मामांकडं आहे की, म्हणून कधी घेतलाच नव्हता.

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला मामांनी पाट मांडला नाही. कॅमेरे कपाटातच राहिले. मी दसऱ्याला मुद्दाम गेले, ते एकटे नसावेत म्हणून. दुपारी बारा वाजले असतील, दारात काठी वाजली. आजी होती. अंगावर नवं लुगडं, हातात आपट्याच्या पानांची जुडी. मागच्या वर्षीपेक्षा वाकली होती.

"मागल्या दसऱ्याला बंद हुतं गा तुजं दुकान."

"व्हय, आजी. जरा काम हुतं."

मामांनी तिला नेहमीच्या खुर्चीवर बसवलं, पडद्यासमोर. पाणी दिलं. मी मामांकडं बघत होते. बोलतील, आता सांगतील, असं वाटत होतं. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केलाच नाही. पडदा काळा. त्यात आजीचं पांढरं डोकं दिसत होतं.

"दाव की," आजी म्हणाली.

मामांनी स्टुलाला हात टेकला. पेटीचे चारही दिवे हिरवे होते. डोक्यावर पंखा जोरात फिरत होता, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं.

"आज लाइट न्हाय, आजी," मामा म्हणाले.

मी खाली बघितलं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

आजीनं वर बघितलं. वाऱ्यानं सरकलेला पदर तिनं पुन्हा डोक्यावर ओढून घेतला. मग पुढं झुकून आपट्याची पानं मामांच्या टेबलावर ठेवली. पानं उडायला लागली. दोन खाली पडली. तिनं ती उचलली, सगळी एकत्र केली, मामांच्या चष्म्याचं घर त्यांच्यावर दाबून ठेवलं आणि हात तसाच थोडा वेळ वर ठेवला.

"असू दी," ती म्हणाली. "लाइट आजकाल लई जाती."